आट्यांचा करार

मोटारीचा भार तिच्या चाकांवर थेट येत नाही. चाके आणि सांगाडा यांच्यामध्ये स्प्रिंगा, दांडे, सांधे आणि धक्के शोषून घेणारी नळकांडी यांची एक मांडणी असते. तिला सस्पेन्शन म्हणण्याचा प्रघात आपल्याकडेही रूढ झाला आहे. या मांडणीचे अवयव एकमेकांशी बोल्टांनी जोडलेले असतात. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक वळण आणि ब्रेकचा प्रत्येक दाब अखेर या मूठभर बोल्टांना सोसावा लागतो. अशा एखाद्या बोल्टाचे आटे गेले तर वरून काहीच दिसत नाही. बोल्ट जागेवर असतो, त्याचे डोकेही शाबूत असते. पाना लावला की मात्र तो नुसता फिरत राहतो, घट्ट म्हणून होत नाही.

हा दोष किती गंभीर आहे, हे समजण्यासाठी बोल्ट काम कसे करतो ते पाहिले पाहिजे. पुष्कळांच्या समजुतीप्रमाणे बोल्ट म्हणजे दोन भागांत आरपार घातलेली एक खुंटी. वास्तविक नीट आवळलेला बोल्ट किंचित ताणलेला असतो, आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे तो दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. हा दाब टिकून आहे तोवर ते भाग एकमेकांवर घसरत नाहीत आणि बोल्टही सुरक्षित राहतो. दाब गेला की भाग हलू लागतात, बोल्ट एकदा इकडे, एकदा तिकडे वाकतो आणि काही काळाने थकून तुटतो. पान्याला लावलेल्या जोराचा सुमारे नऊ दशांश हिस्सा घर्षणातच खर्ची पडतो. बोल्टाला ताणण्याच्या कामी येतो तो जेमतेम एक दशांश. तो ताण पेलण्याचे काम आट्यांचे. त्यातही एकूण भाराचा सुमारे तिसरा हिस्सा पहिल्याच वेढ्यावर पडतो. म्हणून आटे झिजले, गंजले किंवा वाकडे बसले की सगळा डोलारा ढिला होतो.

असे आटे दुरुस्त करू पाहणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो ओळखीचा. हे आटे कोणत्या मापाचे? त्यांना जुळणारा बोल्ट कोठे मिळेल? या प्रश्नाला आज बहुधा काही मिनिटांत उत्तर मिळते. पण या उत्तरामागे पावणेदोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. आणि त्या इतिहासाला पुढे ढकलण्याचे काम पुनःपुन्हा दुरुस्तीच्या अडचणींनी केले आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नट आणि बोल्ट यांचे नाते विवाहासारखे होते. कारागीर प्रत्येक बोल्टाचे आटे हाताने पाडी आणि त्या एकाच बोल्टासाठी नट तयार करी. दोघांवर सारखी खूण करून ठेवण्याची पद्धत होती, कारण यंत्र खोलताना जोड्यांची अदलाबदल झाली तर ते पुन्हा जुळवणे ही मोठी डोकेदुखी होऊन बसे. एखादा बोल्ट हरवला, तर त्याच्यासारखा दुसरा जगात कोठेही नसे. नवा बोल्ट जुन्या नटाकडे पाहून घडवावा लागे. यंत्राची निर्मिती आणि यंत्राची दुरुस्ती यांत त्या काळी फारसा भेद नव्हता. प्रत्येक दुरुस्ती ही एक नवी निर्मितीच होती.

ही स्थिती पालटण्याची सुरुवात लंडनच्या हेन्री मॉडस्ली या कारागिराच्या यंत्रशाळेत झाली. मॉडस्लीने १७९७ मध्ये स्वतःचा कारखाना थाटला आणि त्याच सुमारास आटे पाडण्याचा भरभक्कम लेथ सिद्ध केला. या लेथवर हत्यार हातात धरावे लागत नसे; एक अचूक मळसूत्र त्याला ठरावीक गतीने पुढे नेत असे. त्यामुळे एकाच मापाचे आटे पुनःपुन्हा पाडता येऊ लागले. मॉडस्लीच्या कारखान्यात सर्व बोल्ट ठरलेल्या मापांचे झाले. परंतु ही शिस्त त्याच्या कारखान्याच्या चार भिंतींपुरती होती. शेजारच्या कारखानदाराची शिस्त वेगळी होती, आणि तोही आपल्या जागी तितकाच बरोबर होता.

या मॉडस्लीच्या हाताखाली काम केलेला जोसेफ व्हिटवर्थ हा तरुण पुढे मँचेस्टरला गेला आणि १८३३ मध्ये त्याने तेथे आपला उद्योग सुरू केला. १८४१ मध्ये त्याने लंडनच्या सिव्हिल एंजिनिअर्सच्या संस्थेपुढे आट्यांच्या एकसारखेपणावर एक निबंध वाचला. निबंधाच्या आरंभीच त्याने बोट ठेवले ते दुरुस्तीवर. निरनिराळे कारखानदार निरनिराळे आटे वापरतात, त्यामुळे दुरुस्तीची तरतूद खर्चाची होते आणि तरीही अपुरी पडते, असे त्याचे म्हणणे होते. आगगाड्यांचा तो काळ होता. एका गावी तयार झालेले एंजिन शंभर मैलांवर बंद पडे, आणि तेथील लोहाराजवळ त्याचा बोल्ट नसे.

व्हिटवर्थने केलेला उपाय मोठा व्यवहारी होता. कोणाचे आटे शास्त्रशुद्ध, हा वाद त्याने घातलाच नाही. त्याने इंग्लंडच्या प्रमुख यंत्रशाळांतून बोल्टांचे नमुने गोळा केले, त्यांची मापे घेतली आणि त्यांची सरासरी काढली. आट्याचा कोन ५५ अंशांचा ठरला, त्याची टोके आणि तळ गोलसर ठरले, आणि बोल्टाच्या प्रत्येक जाडीसाठी एका इंचात किती आटे असावेत याचा तक्ता तयार झाला. सरासरी असल्यामुळे तो तक्ता कोणाही एकाचा नव्हता, आणि म्हणूनच तो सर्वांना मानवला. क्रिमियन युद्धाच्या वेळी जॉन पेन या एंजिनिअरला आरमारी तोफनौकांसाठी ९० एंजिने अल्पावधीत हवी होती. त्याने नमुन्याची एंजिने सुटी केली आणि त्यांचे भाग अनेक कारखान्यांना वाटून दिले. वेगवेगळ्या ठिकाणी बनून आलेले ते भाग एकत्र जोडता आले, कारण आटे सर्वत्र सारखे होते.

अमेरिकेने मात्र निराळी वाट धरली. २१ एप्रिल १८६४ रोजी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम सेलर्स याने आपली योजना मांडली. व्हिटवर्थचे गोलसर आटे सामान्य कारागिराला अचूक पाडता येत नाहीत आणि तपासताही येत नाहीत, असा त्याचा आक्षेप होता. त्याने ६० अंशांचा कोन सुचवला. हा कोन समभुज त्रिकोणाचा असल्यामुळे तो तपासणे सोपे, आणि आट्याचे टोक सपाट ठेवल्यामुळे तो पाडणेही सोपे. १८६८ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने ही पद्धत स्वीकारली आणि रेल्वे कंपन्यांनीही तिचा अंगीकार केला. सेलर्सचा विचार सरळ आणि सुबुद्ध होता. परंतु त्यामुळे जगात दोन प्रमाणे निर्माण झाली. युरोपात मेट्रिक आट्यांचा तिसरा पंथ होताच. १८९८ मध्ये झुरिच येथे भरलेल्या परिषदेत त्यालाही आंतरराष्ट्रीय रूप आले.

यांतील कपटी भाग असा की हे पंथ एकमेकांच्या अगदी जवळ होते. पाव इंची बोल्टाला इंग्लंडमध्येही इंचाला २० आटे आणि अमेरिकेतही २०. तीन अष्टमांश इंची बोल्टाला दोन्हीकडे १६. अर्ध्या इंचाला मात्र इंग्लंडमध्ये १२ आणि अमेरिकेत १३. डोळ्यांना हा फरक जाणवत नाही. अर्ध्या इंचाचा इंग्रजी बोल्ट अमेरिकन भोकात सुरुवातीला सहज शिरतो, एकदोन वेढे गोडीने फिरतो आणि मग अडतो. घाईतला मनुष्य समजतो की गंज असेल, आणि पान्यावर जोर लावतो. बोल्ट आत जातोही. पण तो भोकातले आटे कापत आत जातो. गेलेल्या आट्यांपैकी पुष्कळसे झिजेने गेलेले नसतात. आपल्यासारखाच दिसणारा, पण आपला नसलेला बोल्ट हे त्यांच्या मरणाचे कारण असते.

आटे न जुळण्याची किंमत एकेका यंत्रापुरतीच मर्यादित राहत नाही, हे अमेरिकेतील बाल्टिमोर शहराने १९०४ मध्ये अनुभवले. ७ फेब्रुवारीला तेथे प्रचंड आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क अशा शहरांतून बंब धावून आले. माणसे होती, एंजिने होती, पाणीही होते. परंतु बाहेरून आलेल्या कित्येक बंबांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या रस्त्यांवरील पाण्याच्या तोट्यांना बसेनात. आग दुसऱ्या दिवसापर्यंत धुमसत राहिली आणि १,५०० हून अधिक इमारती भस्मसात झाल्या. पुढे चौकशीत आढळून आले की त्या देशात बंबांच्या नळ्यांच्या जोडांचे सहाशेहून अधिक प्रकार वापरात होते. लगेच प्रमाण ठरवण्यात आले; तरीही १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या डोंगरावरील वणव्यात तीच अडचण पुन्हा उभी राहिली. कागदावर झालेला करार प्रत्येक तोटीपर्यंत आपोआप पोहोचत नाही.

मोटारगाडी आली तेव्हा आट्यांचे जग असे विभागलेले होते, आणि मोटारीने त्यात आपली एक गरज वाढवली. कारखान्यातील यंत्र एका जागी उभे असते; मोटार धावते आणि सतत थरथरते. या थरथरीने जाड आट्यांचे बोल्ट सैल होऊ लागले. म्हणून ब्रिटनमध्ये १९०८ मध्ये बारीक आट्यांचे प्रमाण निराळे ठरवण्यात आले, आणि अमेरिकेतील मोटारधंद्यानेही बारीक आट्यांची आपली मालिका रूढ केली. गरज खरी होती, पण गॅरेजमधील खोक्यांची संख्या मात्र दुप्पट झाली.

यातून काय गमतीजमती घडल्या, त्याचे एक उदाहरण मॉरिस मोटारीचे आहे. पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच कंपनीने इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे कारखाना काढला होता. १९२३ मध्ये विल्यम मॉरिस याने तो विकत घेतला. तेथील यंत्रसामग्री फ्रेंच असल्यामुळे मेट्रिक आटे पाडणारी होती. ती टाकून देणे परवडणारे नव्हते. आणि इंग्रज मिस्त्र्यांजवळचे पाने तर व्हिटवर्थच्या मापांचे. तेव्हा असा तोडगा निघाला की बोल्टाचे आटे मेट्रिक ठेवावेत आणि त्याचे डोके व्हिटवर्थ पान्यात बसेल असे करावे. या वंशातील एंजिने एम. जी. मोटारींत १९५५ पर्यंत येत राहिली. डोके पाहून मापाचा अंदाज बांधणाऱ्या मिस्त्र्याची त्यांनी कशी फसगत केली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

दुसऱ्या महायुद्धाने हा विनोद संपवला. ब्रिटनचे रोल्स रॉइस मर्लिन हे विमानाचे एंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवावे असे ठरले. भाग एकमेकांत बसले पाहिजेत म्हणून पॅकार्डने इंग्रजी आटेच ठेवले. पण ते पाडणारी हत्यारे अमेरिकेत मिळेनात, तीही नव्याने घडवावी लागली. ब्रिटन आणि अमेरिका खांद्याला खांदा लावून लढत असताना एकाच्या रणगाड्याला दुसऱ्याचा बोल्ट चालत नव्हता. युद्ध संपल्यावर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टन येथे अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी आट्यांच्या करारावर सह्या केल्या. सेलर्सचा ६० अंशांचा कोन राहिला, आणि तळाचा गोलसरपणा व्हिटवर्थच्या विचाराला धरून आला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९४७ मध्ये, आंतरराष्ट्रीय प्रमाण संघटना स्थापन झाली होती. तिच्या तांत्रिक समित्यांमध्ये क्रमांक १ लागतो तो आट्यांच्या समितीचा. १९६५ मध्ये ब्रिटनच्या प्रमाण संस्थेने आपल्या उद्योगांना मेट्रिक आट्यांना पहिली पसंती देण्यास सांगितले. व्हिटवर्थच्या मायदेशातच व्हिटवर्थचे आटे जुने ठरले.

भारताच्या वाट्याला या सर्व पंथांचा वारसा एकदमच आला. रेल्वे आणि गिरण्या इंग्रजी आट्यांवर उभ्या होत्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून आरंभी अमेरिकन धर्तीच्या मोटारी निघाल्या, आणि पुढे इटलीची फियाट आली ती मेट्रिक मापे घेऊन. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली, म्हणून इंचांची. महिंद्र कंपनीची जीप अमेरिकन वंशाची. एकाच आळीतील एकाच गॅरेजमध्ये ही सारी वाहने दुरुस्तीला येत. पान्यांचे संच तीन प्रकारचे लागत, आणि त्यांच्या मोजण्याच्या रीतीही वेगळ्या. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टाची जाडी सांगे, त्यामुळे अर्ध्या इंचाच्या पान्याचे तोंड अर्ध्या इंचापेक्षा कितीतरी रुंद असे. अमेरिकन आणि मेट्रिक पान्यावरचा आकडा तोंडाचीच रुंदी सांगे. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने देशाने मेट्रिक पद्धती स्वीकारली, आणि कालांतराने नवी वाहने मेट्रिक आट्यांची झाली. पण ॲम्बॅसडर २०१४ पर्यंत तयार होत होती. आटे बोटांनी चाचपून ओळखणाऱ्या मिस्त्र्यांची जी पिढी या देशात घडली, ती या गोंधळाच्या शाळेत शिकली.

मेट्रिक एकवाक्यता झाली म्हणून चूक अशक्य झाली, असे नाही. आजच्या मोटारीत १२ मिलिमीटरचा बोल्ट आढळला तर त्याच्या दोन आट्यांतील अंतर १.२५, १.५ किंवा १.७५ मिलिमीटर असू शकते. जपानी वाहनांत १.२५ आणि युरोपीय वाहनांत १.५ विशेष आढळते. अर्ध्या इंचाच्या बोल्टाने पूर्वी जे केले, ते करण्याची शक्ती या तिघांत आजही आहे. शिवाय वजन कमी करण्यासाठी सस्पेन्शनचे अवयव ॲल्युमिनियमचे होऊ लागले आहेत. पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियमचे भोक एकत्र आले की ओल्या, खारट हवेत ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते; आणि बोल्ट जोराने सोडवताना आटे त्याच्याबरोबर बाहेर येतात.

गेलेल्या आट्यांवरचा जुना उपाय म्हणजे भोक मोठे करून पुढच्या मापाचा बोल्ट घालणे. काम भागते, पण त्या क्षणापासून ते भोक एकटे पडते. कोणत्याही पुस्तकात त्याचे माप नसते, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या गावी ती गाडी खोलणारा माणूस मूळ मापाचा बोल्ट हाती घेऊन बुचकळ्यात पडतो. मॉडस्लीच्या आधीचा काळ त्या एका भोकापुरता परत येतो. भोकात तारेचा तुकडा कोंबून बोल्ट कसाबसा अडकवण्याचा प्रकार तर याहून वाईट, कारण त्यात घट्टपणाचा केवळ भास असतो.

खरा उपाय १९३० नंतरच्या काळात विमानांच्या हलक्या धातूंच्या एंजिनांच्या निमित्ताने पुढे आला. हेलिकॉइल या नावाने तो प्रसिद्ध आहे. मूळ भोक किंचित मोठे करायचे, त्यात एका खास टॅपने मोठ्या व्यासाचे पण मूळ अंतराचेच आटे पाडायचे, आणि त्यात चौकटच्या आकाराच्या छेदाच्या पोलादी तारेचे वेटोळे फिरवत बसवायचे. वेटोळे मोकळे असताना भोकापेक्षा थोडे मोठे असते, त्यामुळे आत गेल्यावर ते भिंतींना धरून राहते. त्याची बाहेरची कड नव्या भोकाची आणि आतली कड जुन्या बोल्टाची. म्हणजे जखम भरून निघते आणि माप जसेच्या तसे राहते. ॲल्युमिनियमच्या भागात तर असे आटे मूळच्या आट्यांपेक्षा बळकट ठरतात, कारण भार अधिक रुंद भिंतीवर पसरतो.

या उपायालाही मर्यादा आहेत, आणि सस्पेन्शनच्या बाबतीत त्या विसरून चालत नाही. केवळ तोंडाचे आटे दबलेले असतील, तर योग्य मापाचा टॅप हलक्या हाताने फिरवला तरी पुरते. आरपार बोल्ट आणि नट असेल, तर दोन्ही नवे घालणे हाच शहाणपणा. चाकाचे स्टड बदलायचेच असतात. आणि ज्या भागात भोकाभोवती चीर गेली आहे, जेथे पुरेशी जाड भिंत उरलेली नाही, किंवा जेथे बनवणाऱ्यानेच अशी दुरुस्ती वर्ज्य सांगितली आहे, तेथे तो भाग बदलण्याला पर्याय नाही. स्वस्त दुरुस्तीची किंमत तेथे गाडीत बसलेल्या माणसांना मोजावी लागते.

चांगल्या दुरुस्तीची एक साधी कसोटी या इतिहासातून निघते. दुरुस्ती झाल्यावर त्या भोकात कोणत्याही गावच्या दुकानातला, ठरल्या मापाचा, अनोळखी बोल्ट बसला पाहिजे. व्हिटवर्थने १८४१ मध्ये मागितले होते ते इतकेच. त्यासाठी देशांना एकमेकांशी बोलणी करावी लागली, आणि त्यांतल्या काहींना आपले स्वतःचे, सोयीचे, जुने माप सोडावे लागले. तो करार एखाद्या दप्तरात असेल. पण त्याचे पालन होते ते गाडीखाली आडव्या पडलेल्या, हात काळे झालेल्या माणसाकडून. बोल्टाचे पहिले दोन वेढे पाना न लावता बोटांनीच फिरवून पाहण्याची त्याची सवय, हे त्या पालनाचे पहिले कलम आहे.